डोल

रात्रीचे दहा वाजून पाच मिनिटं.
फोर्टातल्या एका बोळाच्या तोंडाशी कारंजं आहे.
त्याचे चार दगडी मासे
कितीतरी वर्षं एकच शब्द बोलायच्या बेतात.
मी स्टॅण्ड उघडते.
दिवसा मी लग्नं करते. म्हणजे लोकांची, फोटोपुरती.
रात्री पाणी.
पाण्याला हसा म्हणावं लागत नाही.

साडेदहाला पंप बंद होतो,
हे हरेश्वर तांडेलांनी सांगितलं,
लोखंडी झाकणातून कमरेपर्यंत वर येऊन,
जसा काही जमिनीनेच खाकी सदरा घातलाय.
"स्टॅण्डला परवानगी लागते."
मग माझ्याकडे, मग रिकाम्या रस्त्याकडे बघून,
"पन ती द्यायला हाय कोन इथं."

आठ सेकंद.
बटण दाबायचं आणि आपणही दगड व्हायचं.
आठ सेकंदांत एक स्कूटर लाल रेघ होऊन निघून जाते.
काठावर मुलाचे पाय धुणारी बाई
हलते, म्हणून विरते.
मूल भोकाड पसरायच्या आधीच्या क्षणी थिजलेलं,
म्हणून तेवढंच उमटतं:
हवेने बगलेत धरलेलं मूल.

तांडेल पडद्यावर वाकले.
"यात पानी कुठाय? हा तर कापूस."

मी सगळं बदललं. सेकंदाचा हजारावा भाग.
फोटो काळपट, दाणेदार,
पण थेंब न् थेंब सुटा,
गोळेवाल्याच्या रंध्याखालून बर्फ उडावा तसा.
"हां. हे पानी."
आणि मान तिरकी करून, पडद्याला कान लावल्यागत:
"पन आवाज मेला त्याचा."

आवाज त्यांना कळतो.
घरी नळ पहाटे साडेचारला येतो, चाळीस मिनिटं.
तो खोकला की झोपेतच समजतं
आज किती हंडे.
इथलं पाणी मात्र गेल्या मंगळवारपासून तेच,
तेच वर, तेच खाली,
कुणाच्याच हंड्यात नाही.

मी त्यांना कॅमेऱ्याचं सांगू लागले,
की पडदा उघडा ठेवून बसायचं,
समोरून जे येईल ते येऊ द्यायचं
"म्हंजे डोल," त्यांनी मला तोडलं.
"आमचा बा वरळीला डोल लावायचा.
जाळ्याचं तोंड पान्याच्या ओढीकडं, आणि गप बसायचं.
मासळीमागं धावायचं नाय.
तू तेच करतेस.
फक्त तुझ्या जाळ्यात पानी अडकतं,
आन मासळी निसटते."

दहा अठ्ठावीस. ते जमिनीत उतरले.

कारंजं एकदम मरत नाही.
आधी शेंडा वाकतो, मग खांदे,
मग माशांच्या ओठांवरून शेवटची लाळ
दगड चाटत खाली.
दिवे चालूच. दिवे दुसऱ्या खात्याचे.
निळा, गुलाबी, पुन्हा निळा,
ओल्या रिकाम्या हौदावर:
चार नाणी, पेनाचं टोपण,
लहानग्याची डाव्या पायाची चप्पल.
बाई केव्हाच निघून गेलेली, बसस्टॉपच्या आडोशाला.

मी तीस सेकंद लावले. कशासाठी, ठरवलं नव्हतं.

घरी येऊन मोठं करून पाहिलं.
मासे आहेत. जांभळट असं काहीतरी आहे,
जे ना निळं ना गुलाबी.
तांडेल कुठेच नाहीत.
त्यांच्या बॅटरीची तेवढी रेघ
झाकणापासून निघून, हौदाच्या काठाने वळत,
बसस्टॉपकडे वाहत गेलेली.
मध्ये एका ठिकाणी तिची गाठ झालीय.
तिथे ते वाकले असणार.

हौदात चप्पल आहे,
पण तिच्यातून आरपार फरशी दिसते:
अर्धा वेळ होती,
अर्धा वेळ नव्हती.